घाटात समोरचं दिसावं म्हणून

मागच्या वर्षी जुलैत आईला डोळे तपासायला बेळगावला नेलं होतं. परत येताना आंबोली मागे पडली, घाट उतरायला लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर समोरची काच आतून पांढरी झाली. वायपर चालू होते, बाहेरचं पाणी ते ओढत होते, पण पडदा धरला होता आतल्या बाजूने. माझ्या एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात नॅपकिन. पुसलेला पट्टा मिनिटभरही टिकत नव्हता. आईच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, त्यामुळे तिला सगळंच पुसट. ती सारखी विचारत होती, "गो, तुका तरी दिसता मां?"

मला दिसत नव्हतं. दरीकडचा कठडा कुठे आहे आणि कुठे नाही, तेही कळत नव्हतं. जरा रुंद जागा मिळाली तशी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, दिवे चालू ठेवले आणि पाऊण तास तिथेच बसून राहिलो. हीटरचा खटका ओढून पाहिला होता. मोटर कुरकुरली, वारा जेमतेम आला, आणि त्याच्याबरोबर ओशट, गोडसर वासाची वाफ आली. काच होती त्यापेक्षा चिकट झाली. घरी पोचल्यावर पाहिलं तर आईच्या पायाखालचं मॅट हिरवट पाण्याने भिजलेलं होतं.

गाडी बाबांची. १९६४ची ॲम्बॅसेडर, मार्क टू, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बाबा वेंगुर्ल्यात डॉक्टर होते. पेशंटला रात्री-अपरात्री बेळगावला न्यायची वेळ यायची, म्हणून त्यांनी तिला हीटर लावून घेतला. उबेसाठी नाही, वेंगुर्ल्यात जानेवारीतसुद्धा कुणाला स्वेटर लागत नाही. पावसाळ्यात घाटात काच साफ राहावी, एवढ्यासाठीच. हीटर रुसला की बाबा अर्धा बटाटा कापून काचेवर आतून चोळायचे, आणि ट्रकवाल्यांकडून शिकलेली तंबाखू बाहेरून. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मी औषधांचं दुकान सांभाळते, आणि गाडीचं काम सुट्टीच्या दिवशी घरामागच्या मांगरात करते. सोबतीला मिस्त्री. बाबांच्या वेळेपासून या गाडीला त्यांचाच हात लागलेला आहे.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गो बाय, कोकणात हीटर कित्याक व्हयो? घाम काय कमी येता?"

हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून सांगते. पाऊस बाहेरून काच गार करत राहतो. आत माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, ओलं मॅट. हवेत आणखी पाणी मावत नाही अशी अवस्था. ती हवा गार काचेला टेकली की तिथेच दव धरतं. पुसून उपयोग होत नाही, कारण काच गारच राहते. तिच्यावर गरम वारा सतत सोडला तर काचही तापते आणि त्या वाऱ्याची पाणी उचलायची ताकदही वाढते. नव्या गाड्यांत हे काम एसी करतो, तो हवेतलं पाणीच काढून घेतो. माझ्या गाडीत एसी नाही आणि बसवायचाही नाही. म्हणजे हीटर हाच उपाय.

रचना अगदी साधी आहे. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला एक पितळी कॉक. तो उघडला की इंजिनचं गरम पाणी रबरी होजमधून डॅशबोर्डखालच्या पेटीत येतं. पेटीत पुस्तकाएवढा छोटा रेडिएटर, त्यालाच कोर म्हणतात. कोरमागे पंखा. कोरमधून निवलेलं पाणी दुसऱ्या होजने वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जातं. पेटीतून दोन लवचीक नळ्या वर काचेच्या बुडाशी असलेल्या फटींपर्यंत. होज सोडला तर यातला एकही भाग आज इथल्या दुकानात मागून मिळत नाही. त्यामुळे जे करायचं ते दुसऱ्या गाडीचं आणून, नाहीतर घडवून.

दिवाळीनंतर पेटी उतरवली. आधी बॅटरी सोडली, रेडिएटरचं पाणी काढलं. इंजिन ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा वेगळा कॉक असतो, तो उघडला तर थेंब पडेना. आत बारीक तार घालून ढवळली तेव्हा तांबडा गाळ बदकन बाहेर आला, चिऱ्याच्या खाणीतल्या पावसाच्या पाण्यासारखा. कितीतरी वर्षं या गाडीत विहिरीचं पाणी भरलं गेलं होतं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि गंज रोखणारं द्रव, नावापुरतं. त्या दिवशी बाकी काही केलं नाही. वरचा होज काढून, खालून पाइप लावून उलट्या दिशेने पाणी मारत बसलो. बारा-तेरा बादल्या झाल्या तेव्हा स्वच्छ पाणी यायला लागलं. हे आधी केलं नसतं तर नवा कोर पहिल्याच पावसात त्या गाळाने तुंबला असता.

काचेकडे जाणाऱ्या नळ्या कापडी होत्या, आत तारेचं वेटोळं. उंदरांनी कापड खाल्लेलं, तार तेवढी शिल्लक. उजव्या नळीत नारळाचा काथ्या कोंबून केलेलं घरटं आणि मूठभर काजूच्या बियांची टरफलं निघाली.

कोर घेऊन सावंतवाडीच्या रेडिएटरवाल्याकडे गेले. त्याने तो टाकीत बुडवून हवा भरली आणि बुडबुडे एका जागी नाही, चार जागी आले. डाग देऊन भागणार नव्हतं. नळ्याच कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. त्याच्याकडे मारुतीचा नवाकोरा ॲल्युमिनियमचा कोर होता, स्वस्त आणि हलका. पेटीत धरून पाहिला तर बोटभर लांब. तो म्हणाला, पेटीची बाजू कापू, कुणाला दिसणार आहे?

इथे मी अडले. दोन गोष्टींसाठी. एक तर पेटी कापली की ती गेली. उद्या कुणाला मूळ कोर सापडला तरी तो बसवायला जागा उरणार नाही. दुसरी गोष्ट धातूची. माझ्या गाडीत रेडिएटर तांब्या-पितळेचा, इंजिन बिडाचं. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आणून सोडलं की खराब पाण्यात झिजायची पहिली पाळी ॲल्युमिनियमची. चांगलं कूलंट वेळच्या वेळी बदलत राहिलं तर चालतं, नाही असं नाही. पण या गाडीचा इतिहास मी नुकताच बादल्यांनी बाहेर काढला होता.

शेवटी त्याने दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या तांब्याच्या कोरचा तुकडा मापात कापला आणि माझ्याच कोरच्या दोन्ही टोकांच्या जुन्या पितळी टाक्या त्याला झाळून दिल्या. डाग देताना मी शेजारीच उभी होते. टाकीची कड आधी घासून सोन्यासारखी चकचकीत केली, तिला फ्लक्स लावला, मग ज्योत टाकीवर न धरता बाजूने फिरवली. शिसं-कथलाचं मिश्रण कडेवर टेकवलं तसं ते क्षणभर गोळा होऊन थांबलं, आणि एकदम पाण्यासारखं सरकत सांध्यात ओढलं गेलं. "आता धरला त्याने," एवढंच तो म्हणाला. परत टाकीत बुडवून १५ पौंडांची हवा भरली. माझ्या रेडिएटरच्या झाकणाचा दाब याच्या निम्म्याहूनही कमी आहे. दहा मिनिटं बघत बसलो. एकही बुडबुडा आला नाही.

कॉकने मात्र सगळ्यात जास्त दमवलं.

मूळ कॉक गंजून घट्ट बसला होता. कोकणात हे होणारच: बाकीच्या ठिकाणी हीटर थंडीत महिनोन् महिने चालतो, आपल्याकडे तो पावसाळ्यातले चार दिवस उघडायचा आणि मग वर्षभर बंद. एवढा काळ न फिरलेला कॉक खाऱ्या हवेत जागच्या जागी धरतो. जोर लावला तर फिरला, पण दांड्याशी गळायला लागला. पहिल्यांदा मी परदेशातून हुबेहूब नवा कॉक मागवला. दिसायला तंतोतंत तसाच, जुन्या धाटणीच्या खोक्यात. अकराव्या दिवशी त्याच्याही दांड्याखाली हिरवा थेंब दिसला. ज्यांनी पाठवला त्यांना फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की बसवताना जास्त आवळला असेल. आवळायचे ते दोन स्टडवरचे नट, त्यांचा दांड्याशी काही संबंध नाही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण पैशापेक्षा तीन महिने वाट पाहण्यात गेले होते.

मिस्त्रींनी मग नळकामाच्या दुकानातून पितळी बॉल व्हॉल्व्ह आणला. तो गळला नसता, याची मला खात्री आहे. पण तो वजनाला भरभक्कम, आणि लटकणार रबरी होजवर, चालू इंजिनच्या थरथराटात. शिवाय त्याला केबल जोडायची सोय नाही. दर वेळी बॉनेट उघडून हाताने फिरवायचा. भर पावसात घाटात काच धरली असताना बॉनेट उघडायला कोण उतरणार? मिस्त्री स्वतःच म्हणाले, "बसलो म्हणजे चललो असा नाय."

तोडगा निघाला तो दोन भागांत. हेडवरच्या कॉकच्या जागी फक्त पितळी तोटी, आणि उघड-बंद करायला होजच्या मध्ये बसणारा छोट्या गाडीचा प्लॅस्टिकचा हीटर कॉक, केबलवर चालणारा. तोटी कुडाळच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतली. जुन्या कॉकची बैठक कागदावर ठेवून पेन्सिलीने आखली, स्टडच्या भोकांचं अंतर व्हर्नियरने घेतलं. जुन्या गाडीचे आटे इंची असतात हे तिथे विसरून चालत नाही. मेट्रिक नट हाताने दोन फेरे सहज जातो, मग अडकतो, आणि पाना लावला की स्टडचे आटे खाऊन टाकतो. नट जुनेच धुऊन-पुसून वापरले.

मापाचा आणखी एक घोळ होजमध्ये होता. गाडीच्या नळ्या चार सूत, म्हणजे अर्धा इंच. छोट्या गाडीचा कॉक पाच सूत. चार सुताचा होज गरम पाण्यात बुडवून पाच सुतावर ताणून चढवता येतो, पुष्कळ जण तसंच करतात. पण रबर तिथे कायमचं ताणलेलं राहतं आणि दोन-तीन वर्षांत नेमकं क्लिपच्या कडेला चिरतं. लेथवाल्याकडून मी चार-पाचचे दोन पितळी जोड करून घेतले, टोकाला बारीक कड ठेवलेले, म्हणजे होज सहज निसटत नाही. होज गरम पाण्यासाठी असतो तोच, मीटरवर मिळणारा. पेट्रोलचा किंवा बागेतला नाही. आणि क्लिपा स्टेनलेसच्या. साध्या लोखंडी क्लिपा आमच्याकडे समुद्रापासून दोन किलोमीटरवर एका पावसात तांबारतात आणि दुसऱ्या पावसाला स्क्रूच फिरत नाही.

आता केबल. मूळ केबल तुटलेली. मिस्त्रींनी सायकलच्या ब्रेकची आणली, पण ती पिळाची असते: ओढते, ढकलत नाही. कॉक उघडला असता, मिटला नसता. तीनचाकी टेम्पोची चोक केबल एका सरळ तारेची असते, ती दोन्ही करते. ती बसवली. खटका पूर्ण ओढला तरी कॉक अर्धाच उघडायचा! तासभर केबल मागे-पुढे करून झाल्यावर मी शेवटी पट्टीने मोजलं. डॅशबोर्डवरच्या खटक्याची धाव २५ मिलिमीटर, आणि कॉकच्या दांडीचं टोक पूर्ण फिरायला ४० मिलिमीटर सरकायला हवं. दांडीवर खिळीच्या जवळ नवं भोक पाडलं, टोकापासून आत. तेवढ्याच ओढीत दांडी आता जास्त फिरते. हाताला खटका थोडा जड लागतो, पण कॉक पुरा उघडतो आणि पुरा मिटतो.

यानंतर थर्मोस्टॅटवरून, म्हणजे पाणी पुरतं तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेवरून, आमचं खरंच वाजलं. वरची झाकणी उघडली तर आत थर्मोस्टॅट नव्हताच. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरांनीच काढूक सांगितल्यानी. घातलंस तर घाटात गाडी उकळतली." आपल्याकडे जुन्या गाडीतून थर्मोस्टॅट काढणं हा रिवाजच आहे. पण तो नसेल तर पावसात, सपाट रस्त्यावर, इंजिनचं पाणी कधी पुरतं तापतच नाही. सगळं पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं. मग हीटरमध्ये कोमट पाणी, आणि काचेवर कोमट वारा. कोर नवा, कॉक नवा, सगळं नवं असूनही हीटर निकामी वाटला असता आणि दोष कोरला गेला असता. आणि थर्मोस्टॅट एकदा पूर्ण उघडला की गाडी तापायला त्याचं कारण उरत नाही. गाडी उकळत होती ती गाळाने.

मी ८२ अंशांचा थर्मोस्टॅट मिळवला. या इंजिनची ५४ मिलिमीटरची बैठक त्याच घराण्यातल्या पुष्कळ इंजिनांत सारखी आहे, त्यामुळे हा भाग शोधायला त्रास पडला नाही. मिस्त्रींची खात्री पटावी म्हणून स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला आणि आंब्याचा रस आटवताना वापरतो तो थर्मामीटर सोडला. ऐंशीपर्यंत काही नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला मधल्या चकतीच्या कडेने बारीक काळी रेघ दिसली, नव्वदला चकती बोटभर वर उचललेली. गॅस बंद केला, तशी ती हळूहळू मिटली. मिस्त्री खाली वाकून दोन्ही वेळा बघत होते. मग त्यांनीच त्याच्या कडेला ३ मिलिमीटरचं भोक पाडून दिलं, खाली अडकलेली हवा निघून जायला.

पंख्याची मोटर दुरुस्त होण्यापलीकडे होती. मारुती ८००चा ब्लोअर आणला. शाफ्ट बारीक होता, पितळी बुश घालून जुना पंखा त्यावर बसवला, कारण पेटीचा आतला घेर जुन्या पंख्याच्या मापाचा आहे. चालू केला. आवाज भरघोस, थरथर नाही. मी काचेच्या फटीवर टिश्यूचा तुकडा धरला. तो नुसता हलला.

कोर तुंबलाय का, नळी दुमडली का, सगळं पाहिलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात उभी असताना डोक्यात आलं. माझ्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे, जुन्या विलायती पद्धतीप्रमाणे. जुन्या मोटरीत चुंबकाच्या जागीही तारेचीच गुंडाळी असते, तिला वीज कुठूनही दिली तरी ती एकाच दिशेने फिरते. नव्या मोटरीत कायमचं चुंबक असतं. तिला वीज उलटी दिली की ती उलटी फिरते. मोटरीची लाल, म्हणजे पॉझिटिव्ह वायर मी सवयीने वीज येते त्या टोकाला जोडली होती, आणि माझ्या गाडीत ते टोक निगेटिव्ह आहे. गोल पिंजऱ्यासारख्या पात्यांचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून फेकतो, फक्त फार कमी. म्हणून शंका येत नाही. मल्टीमीटरने आधी खात्री केली की मोटरीचं कवच कुठल्याच वायरला जोडलेलं नाही, नाहीतर वायरी बदलताच शॉर्ट झाला असता. मग दोन वायरी अदलाबदल केल्या. टिश्यू हातातून उडून मागच्या सीटवर पडला.

विजेचा हिशोब राहिला होता. इंजिनवर वीज बनवायला गाडीला नव्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनामो आहे, २२ अँपिअरचा, आणि तोही इंजिन चांगलं फिरत असेल तेव्हा. पावसात रात्री हेडलाइट सात-साडेसात अँपिअर खातात, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे दोन, वायपर तीन, इग्निशन चारच्या आसपास. सोळा इथेच झाले. क्लॅम्प मीटरवर नवा ब्लोअर पुऱ्या वेगात ११ दाखवत होता. म्हणजे घाटभर बॅटरीतून वीज जात राहणार, आणि खाली पोचल्यावर सेल्फ फिरणार नाही. मोटरीकडे जाणारी वीज कमी करणारा मारुतीचाच रेझिस्टर मध्ये घातला. सावकाश वेगात तीच मोटर ४ अँपिअर घेते. सावकाश वेग नेहमीसाठी, पुरा वेग काच एकदम धरली तर दोन मिनिटांसाठी. ब्लोअरला बॅटरीकडून वेगळी जाड वायर, १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले दिला, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा खटका. बाबांचा खटका तसाच आहे, आता त्याच्यातून फक्त रिलेपुरती वीज जाते.

काचेकडच्या नळ्यांसाठी आधी वॉश बेसिनखालचा घड्यांचा प्लॅस्टिक पाइप लावला होता. स्वस्त आणि हवा तसा वळणारा. अर्ध्या तासाच्या गरम वाऱ्यात तो मऊ पडला आणि वळणावर चेपला. त्याच्या जागी ॲल्युमिनियम-कागदाची नळी आणली, कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एक्झॉस्टजवळची गरम हवा एअर क्लीनरला नेणारी असते ती. पेटीच्या फटी एसीवाल्यांकडच्या काळ्या फोमने बंद केल्या. हा फोम क्षुल्लक वाटतो, पण कोरच्या कडेने फट राहिली की वारा कोरमधून जायच्या ऐवजी तिथून निसटतो, गारच्या गार.

शेवटचं काम हवा काढायचं. हीटरचा कोर उंचावर असतो, त्यात हवा अडकली की पाणी फिरत नाही. आमच्या घराकडे येणारी घाटी चांगली उभी आहे. गाडीचं नाक वर करून तिथे उभी केली, चाकांना चिरे लावले, हीटरचा कॉक उघडा, परतीचा होज वॉटर पंपाकडून सोडवून बाटलीत धरला. रेडिएटरमध्ये वरून बॅटरीचं शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं ओतत राहिले. आधी होजमधून गुडगुड, फेस, मग एकसंध हिरवी धार. धार आली तसा मिस्त्रींनी होज जोडला. सांडलेलं कूलंट लगेच मातीसकट उचललं, कारण ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

हे सगळं आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामं सुरू व्हायच्या आत, मेच्या मध्यावर संपलं. मिरगानंतर वेंगुर्ला-कुडाळ फेऱ्या मारून पाहिलं, पण तिथे काच एवढी धरतच नाही. जुलैत आईची पुढची तपासणी होती, म्हणून त्याच दिवशी त्याच वाटेने गेलो. परतताना पुन्हा आंबोली, पुन्हा तोच पाऊस, ढग रस्त्यावर उतरलेला. काच कोपऱ्यांतून पांढरी होत मध्याकडे सरकायला लागली तशी मी खटका ओढला आणि तिकोनी काच दोन बोटं उघडली. तेवढं करावंच लागतं, कारण हा हीटर गाडीतलीच हवा फिरवतो आणि आपला श्वास बाहेर जायला वाट लागते. तापमानाचा काटा ऐंशीच्या घरात स्थिर होता. मिनिटभरात काचेच्या बुडाशी दोन स्वच्छ डाग उमटले, वर पसरत पंख्यासारखे झाले आणि मध्ये एकमेकांना मिळाले. कठड्याचे पिवळे-काळे पट्टे एकेक करून दिसायला लागले.

आईने या वेळी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाय भाजतत गो माझे," आणि चपला काढून बसली.

मूळ कॉक, तुटलेली केबल आणि जुनी मोटर बाबांच्या औषधांच्या लाकडी पेटीत ठेवली आहे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून: कुठून काढलं, त्याच्या जागी काय लावलं, वायरी कुठल्या बाजूला. हीटरची पेटी, हेड, डॅशबोर्ड, कशालाही करवत लावलेली नाही. नवा कॉक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच वेळा उघड-बंद करते, ऊन असो की पाऊस. डाव्या बाजूची काच अजून उजवीपेक्षा उशिरा साफ होते. तिकडची नळी वायपरच्या मोटरीला वळसा घालून जाते, तिथे वारा कमी पडत असावा. दिवाळीनंतर हीटरची पेटी पुन्हा उतरवून ती नळी मोटरीच्या खालून नेता येते का ते बघणार आहे.